स्केप्टिक म्हणजे शोधक: एका शब्दाचा प्रवास, खानदेशातल्या चार मुक्कामांसह

१. पारावरच्या गप्पांत किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एखादा तरुण विचारतो, "याला पुरावा काय?" त्याला लगेच एखादे विशेषण चिकटते. कोणी नास्तिक म्हणतो, कोणी पाखंडी, कोणी संशयी. जरा इंग्रजी वाचलेला त्याला ‘स्केप्टिक’ म्हणतो. हे चारही शब्द एकाच अर्थाचे आहेत असे सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात चौघांची कुळे वेगळी, वाटा वेगळ्या. त्या वाटांचा हा धागा. त्यातले महत्त्वाचे मुक्काम जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत आहेत.

२. प्रथम परका शब्द. ग्रीक भाषेत ‘स्केप्टेस्थाइ’ या क्रियापदाचा अर्थ पाहणे, निरखणे, तपासणे असा होता. ‘स्केप्टिकोस’ म्हणजे निरखून पाहणारा. त्यात नाकारण्याचा भाव नव्हता. भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचे मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत नेतात, त्याच धातूची संस्कृत शाखा म्हणजे ‘स्पश्’. ‘पश्यति’ त्याच कुळातले, आणि मराठीत रोज वापरला जाणारा ‘स्पष्ट’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे ‘स्केप्टिक’ आणि ‘स्पष्ट’ हे दूरचे भाऊबंद ठरतात.

३. या पंथाचा आद्य पुरुष एलिस नगरीचा पिर्‍हो. तो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला आणि येथील दिगंबर तपस्व्यांना भेटला, असे डायोजिनीस लेर्टियस या प्राचीन चरित्रकाराने नोंदवले आहे. पंथाचा विचार सविस्तर हाती येतो तो मात्र बर्‍याच नंतरच्या सेक्स्टस एम्पिरिकस याच्या ग्रंथांतून. त्याने विचारवंतांचे तीन वर्ग केले. सत्य सापडले म्हणणारे, सत्य सापडणेच शक्य नाही म्हणणारे, आणि अजून शोधत असलेले. त्याच्या मते स्केप्टिक तिसर्‍या वर्गातला. दुसर्‍या वर्गातला नव्हे, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे.

४. त्या काळी या पंथाला आणखी काही नावे होती. ‘झेटेटिक’, म्हणजे शोधक. ‘एफेक्टिक’, म्हणजे पुरेसा आधार मिळेपर्यंत निर्णय रोखून धरणारा. सेक्स्टस स्वतः वैद्य होता, आणि ‘एम्पिरिकस’ हे नाव अनुभवाला प्रमाण मानणार्‍या वैद्यांच्या संप्रदायाशी जोडलेले आहे. या वैद्यकीची गाठ मराठीतही पडणार आहे.

५. अर्थ बदलला तो युरोपात. १५६२ मध्ये सेक्स्टसच्या ग्रंथाचा लॅटिन अनुवाद छापला गेला आणि विस्मृतीत गेलेला पंथ पुन्हा चर्चेत आला. तो काळ धर्मयुद्धांचा होता. कोणाचा धर्म खरा, या वादात ‘स्केप्टिक’ हे नाव हळूहळू धर्मश्रद्धेविषयी शंका घेणार्‍याला चिकटले, आणि पुढे पुढे ते जवळजवळ धर्म न मानणार्‍याचे नाव झाले. निरखणारा मागे पडला, नाकारणारा पुढे आला. इंग्रजी राजवटीबरोबर हा शब्द हिंदुस्थानात पोहोचला तो याच आखडलेल्या अर्थाने. म्हणूनच त्याच्यासाठी मराठीत ‘नास्तिक’ आणि ‘पाखंडी’ हे शब्द सहज पुढे केले गेले.

६. आता पाखंड. या शब्दाचे जुने रूप ‘पासंड’ सम्राट अशोकाच्या लेखांत वारंवार येते, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ पंथ किंवा संप्रदाय असा आहे. बाराव्या शिलालेखात अशोक सर्व पासंडांचा आदर करण्यास सांगतो. म्हणजे एके काळी प्रत्येक पंथ हा पाखंडच होता. पुढे ‘पाषंड’ म्हणजे वेदबाह्य मत, आणि त्याहून पुढे धर्मबुडवे मत. जो शब्द सर्वांचा होता तो परक्याला लावायची शिवी झाला.

७. खानदेशाची सीमा मध्य प्रदेशाला लागून असल्याने या शब्दाची एक गंमत येथे चटकन उमगते. हिंदीत ‘पाखंडी’ म्हणजे ढोंगी. धर्माच्या नावावर लोकांना लुबाडणार्‍या बाबाला हिंदी माणूस पाखंडी म्हणतो. जुन्या मराठीत मात्र त्या बाबाला प्रश्न विचारणारा पाखंडी ठरतो. सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच शब्दाने आरोपी आणि फिर्यादी यांची अदलाबदल होते. अलीकडे हिंदी अर्थही मराठीत शिरला आहे, त्यामुळे हा शब्द ऐकला की बोलणार्‍याचा रोख कोणाकडे आहे हे आधी पाहावे लागते.

८. ‘नास्तिक’ शब्दाचीही हीच कथा. पाणिनीच्या सूत्रानुसार ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. टीकाकारांनी त्याचा अर्थ परलोक न मानणारा असा लावला. मनुस्मृतीत तो वेदांची निंदा करणारा झाला. आज तो देव न मानणारा आहे. या बदलांमुळे चमत्कारिक स्थिती निर्माण होते. मीमांसक आणि जुने सांख्य जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, तरी वेद मानत असल्याने ते आस्तिक. जैन आणि बौद्ध परलोक व कर्मफळ मानत होते, तरी वेद न मानल्याने ते नास्तिक. तेव्हा कोणी नास्तिक म्हटले, तर कोणत्या शतकातल्या अर्थाने, हा प्रश्न रास्त ठरतो.

९. उरला ‘संशय’. मराठी क्रियापदे येथे मोठी सूक्ष्म आहेत. शंका विचारतात, संशय घेतात. शंका वर्गात हात वर करून विचारता येते आणि तिचे समाधानही होते. संशय मात्र माणसावर घेतला जातो. पोलिसांचा ‘संशयित’ आणि संसार नासवणारा ‘संशयी’ याच घरातले. शंका गोष्टीविषयी असते, संशयाचे बोट बहुतेक वेळा व्यक्तीकडे असते. पुरावा मागणार्‍याला ‘संशयी’ म्हटले की, त्याचा प्रश्न बाजूला पडतो आणि त्याचा स्वभावच चर्चेला येतो.

१०. प्राचीन शास्त्रात संशयाला अशी अप्रतिष्ठा नव्हती. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ सांगितले. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसरे स्थान संशयाला आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे संधिप्रकाशात दूरवर उभे दिसणारे काहीतरी: तो खांब की माणूस? खानदेशातल्या कपाशीच्या शेतात तिन्हीसांजेला दिसणारे बुजगावणे हाच अनुभव देते. जे मुळीच ठाऊक नाही त्यावर तर्क चालत नाही. जे पक्के ठरले आहे त्यावर त्याची गरज नसते. तर्काचे काम सुरू होते ते संशयापाशी. संशय हा तेथे पहिली पायरी आहे, दोष नव्हे. मात्र जवळ जाऊन पाहणे ही दुसरी पायरीही त्या शास्त्रात तितकीच बंधनकारक आहे.

११. पहिला मुक्काम अमळनेर, जिल्हा जळगाव. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. विद्यापीठांच्या मोठ्या शहरांपासून दूर, कापसाच्या गावी, निव्वळ विचार करण्यासाठी संस्था! साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. १९२४ मध्ये ते तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. १९३३ मध्ये घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या येथील तीन अभ्यासकांचे एकत्र पुस्तक निघाले. त्याचे नावच ‘अज्ञान’. संस्थेचा ओढा अद्वैताकडे होता, आणि अद्वैताच्या मर्मस्थानीच या तिघांनी स्वतंत्रपणे विचार केला. पुढे मूर्तींनी नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनावर जगन्मान्य ग्रंथ लिहिला. प्रत्येक पक्षाच्या विधानांतली विसंगती दाखवायची आणि स्वतःचा पक्ष मांडायचा नाही, ही नागार्जुनाची रीत पिर्‍होच्या पंथाशी अनेकांनी ताडून पाहिली आहे.

१२. येथे वैद्यकीची गाठ पडते. मराठीत चिकित्सक म्हणजे वैद्य, आणि चिकित्सक म्हणजे बारकाईने तपासणाराही. रोगाची चिकित्सा होते तशी ग्रंथाचीही होते. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची आवृत्ती ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणून ओळखली जाते. संस्कृतात ‘विचिकित्सा’ म्हणजे तर थेट संशय. कठोपनिषदातला नचिकेत मरणोत्तर अस्तित्वाविषयीच्या शंकेसाठी हाच शब्द वापरतो. सेक्स्टस हा दोन्ही अर्थांनी चिकित्सक होता. ‘स्केप्टिक’ला जुन्या, मूळ अर्थाने मराठी प्रतिशब्द हवा असेल तर तो हा आहे. घरात मात्र "फार चिकित्सा करू नकोस" हे वाक्य मुलांना लहानपणीच ऐकवले जाते.

१३. दुसरा मुक्काम पाटण, तालुका चाळीसगाव. पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला शके ११२८ चा, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ काढला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. दान दिले ते चंद्रग्रहणाच्या पर्वावर. ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकवायचे, त्याला ग्रहणाच्या पुण्यकाळी देणगी. श्रद्धा आणि गणित एकाच दगडावर कोरलेली आहेत.

१४. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत काय शिकायला मिळे? पूर्वसूरींनी सांगितले म्हणून मानायचे नाही, उपपत्ती मागायची. गोलाच्या पृष्ठफळाचे लल्लाचे सूत्र चुकीचे आहे, हे त्यांनी मोठ्या आचार्याची भीड न ठेवता दाखवले. पृथ्वीला कशाचा तरी आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला आधार कोणता, आणि त्यालाही कोणता, असे विचारत त्यांनी ही कल्पनाच निकालात काढली. हे ‘स्केप्टिकोस’चे काम आहे, पण त्यापायी त्यांना कोणी पाखंडी म्हटले नाही.

१५. याच पाटणाने खानदेशी अभिमानाचीही परीक्षा घेतली आहे. भास्कराचार्य येथलेच, असे अनेक जण ठामपणे सांगतात. शिलालेख काय सांगतो? नातवाने येथे मठ स्थापला, इतके. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे ‘विज्जडविड’ असे सांगतात, आणि ते गाव कोणते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पाटणच्या बाजूने युक्तिवाद आहेत, इतर ठिकाणांच्या बाजूनेही आहेत. मन हवे ते उत्तर देत असताना निर्णय रोखून धरणे, हेच ‘एफेक्टिक’ नावाचे मर्म. दुसर्‍याच्या दाव्याला पुरावा मागणे सोपे असते. आपल्या जिल्ह्याच्या दाव्याला मागणे जड जाते.

१६. तिसरा मुक्काम धुळे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी अखेरच्या काळात या शहरात काम केले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच देह ठेवला. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. बखरीत लिहिले आहे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. अस्सल पत्र कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न असे. ते हुडकत त्यांनी वाडे आणि दप्तरे पालथी घातली. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या नियतकालिकाचे नाव ‘संशोधक’. ग्रीकांचा ‘झेटेटिक’ धुळ्यात मराठी नाव घेऊन बसला आहे.

१७. ‘संशोधन’ शब्दाचेही कूळ पाहण्यासारखे आहे. शोधन म्हणजे शुद्ध करणे, मळ काढणे. हिंदीने तो अर्थ राखला. तेथे कायद्यात संशोधन होते, म्हणजे दुरुस्ती. मराठीत तो शोध घेण्याचा शब्द झाला. राजवाड्यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. मंडळाने पुढे त्यांचे धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केले. त्यांतल्या कित्येक व्युत्पत्ती नंतरच्या अभ्यासकांनी नाकारल्या. अस्सल कागद मागणार्‍या राजवाड्यांनी शब्दांच्या बाबतीत अनेकदा कल्पनेला मोकळी सोडले होते. त्यांच्या चुका दाखवणे हा त्यांचा अवमान नव्हे. त्यांनीच घालून दिलेल्या शिस्तीचे ते पालन आहे.

१८. चौथा मुक्कामही धुळेच, पण दुसर्‍या परंपरेचा. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात समाज स्थापन केला आणि नाव दिले ‘सत्यशोधक’. नकारार्थी नाव त्यांनी घेतले नाही. सत्य हाती आले असाही दावा त्या नावात नाही. सत्य शोधणारे, एवढेच. हे नाव धुळ्याच्या शरद पाटलांनी विसाव्या शतकात पुन्हा उचलले. आयुष्य साम्यवादी चळवळीत घालवलेल्या या माणसाने स्वतःच्या पक्षाला विचारले की, वर्ग दिसतो आणि जात का दिसत नाही? १९७८ मध्ये ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पाणिनीचे व्याकरण आणि बौद्ध तर्कशास्त्र यांचा अभ्यास करून ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ लिहिली. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटले असे नाही. पण ज्या छावणीत हयात गेली तिलाच पुरावा मागण्याची किंमत त्यांनी मोजली.

१९. शोधक आणि नाकारणारा यांतली रेषा आजच्या जगातही पुसट होते. १९७६ मध्ये अमेरिकेत अलौकिक दाव्यांची तपासणी करणारी एक समिती स्थापन झाली. सहसंस्थापक समाजशास्त्रज्ञ मार्सेलो ट्रुझी तिच्या ‘झेटेटिक’ नावाच्या नियतकालिकाचे संपादक होते. लवकरच ते बाहेर पडले. सहकारी तपासण्याआधीच निकाल देतात, हा त्यांचा आक्षेप होता. आज तर हवामानबदलाचा ढीगभर पुरावा समोर असताना तो न पाहणारेही स्वतःला स्केप्टिक म्हणवतात. पुराव्याकडे पाठ फिरवणार्‍याला ‘निरखून पाहणारा’ हे नाव शोभत नाही.

२०. हा वाद नुसत्या शब्दांचा नाही, हे सातपुड्याच्या पायथ्याशी कळते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या डोंगरपट्ट्यात मूल दगावले, गुरे मेली, ताप हटेना, की एखाद्या बाईवर डाकीण असल्याचा संशय घेतला जातो. बहुधा ती एकटी असते, कधी तिच्या नावावर जमीन असते. तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. स्त्रिया जिवानिशी गेल्याही आहेत. येथे संशय भरपूर आहे, चिकित्सा मुळीच नाही. मूल कशाने गेले, हे विचारणारा कोणी उभा राहिला तर बाई वाचते. त्या क्षणी गावाला श्रद्धाळू हवा की संशयी, हा प्रश्नच चुकीचा आहे. तेथे निरखून पाहणारा हवा.

२१. असे प्रश्न विचारण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. वैद्यकीचे पदवीधर असलेले, म्हणजे दोन्ही अर्थांनी चिकित्सक असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटत होते त्याचा अध्यादेश काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी किंवा जादूटोणा करते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे, तिचे जगणे मुश्कील करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. कोणता संशय गुन्हा आणि कोणती शंका हक्क, हे आता कायद्यानेही वेगळे केले आहे.

२२. शेवटी घरचा अभ्यास, ‘खानदेश’ या नावाचाच. फारुकी घराण्याला गुजरातच्या सुलतानाकडून ‘खान’ हा किताब मिळाला, त्यावरून हे नाव आले, असे एक मत. कान्हदेश म्हणजे कृष्णाचा देश, हे दुसरे. यादवांच्या सेउणदेशाशी जोडणारे तिसरे. प्रत्येक मताचे अभिमानी आहेत. तरुण अभ्यासकाने यांतले आवडते मत निवडण्याआधी प्रत्येकाचा सर्वांत जुना लेखी आधार कोणता आणि तो कोणत्या काळातला, हे पाहावे. आधार तुल्यबळ वाटले तर निर्णय लांबणीवर टाकावा आणि तसे मोकळेपणाने सांगावे. एवढे करताना कोणी नास्तिक म्हणाले, पाखंडी म्हणाले, तरी हरकत नाही. मराठीत या कामाला चांगली नावे आधीपासून आहेत: चिकित्सक, संशोधक, सत्यशोधक.